"तो एरिया नको" म्हणण्याआधी: एका जुन्या उपनगराची गोष्ट



दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या लोकांत एक प्रश्न हमखास फिरतो. "आम्ही चौघं, बजेट बेताचं, शाळा चांगली हवी, ऑफिस फार लांब नको. घर कुठे बघू?" उत्तरंही ठरलेली असतात. अमुक ठिकाणी बघा, आपली बरीच मंडळी आहेत. तमुक ठिकाणी नवीन कन्स्ट्रक्शन चाललंय. मग कुणीतरी भीतभीत विचारतं, "शहराला लागून ते जुनं उपनगर आहे ना, तिथे याच पैशात केवढं मोठं घर मिळतंय. ते कसं आहे?" त्यावर एका ओळीचं उत्तर येतं: "तो एरिया नको."

का नको, हे कुणी नीट सांगत नाही. फारच विचारलं तर "स्कूल रेटिंग बघा", नाहीतर "तिथला क्राउड आता बदललाय". मी हे तोऱ्यात लिहीत नाहीये. हेच वाक्य मीही पूर्वी दोघा-तिघांना ऐकवलंय, आणि मलाही ते दुसऱ्या कुणीतरीच ऐकवलं होतं. पुढे अशाच एका उपनगराचा इतिहास वाचनात आला आणि लक्षात आलं, की हे वाक्य आपलं नाहीच. आपण इथे यायच्या कितीतरी आधी ते तयार झालंय, आणि एके काळी ते आपल्याबद्दलही म्हटलं जायचं.

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गोष्ट आहे ओहायोतल्या क्लीव्हलंड शहराच्या पूर्वेला असलेल्या शेकर हाइट्सची. शहराची हद्द संपली की लगेच जे पहिलं कडं लागतं, त्यातलं हे गाव. अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या औद्योगिक शहरांभोवती असं एक कडं आहे. विटांची जुनी घरं, मोठी झाडं, चालायला फुटपाथ, आणि किमती बाहेरच्या नव्या उपनगरांपेक्षा कमी. गावाचं नाव बदला, गोष्ट थोड्याफार फरकाने तुमच्या शहराचीही निघेल.

दोन भाऊ आणि एक रेल्वे

या जमिनीवर १८२२ पासून शेकर नावाच्या एका धर्मपंथाची वस्ती होती. ब्रह्मचर्य पाळायचं, सगळी मिळकत सामायिक ठेवायची, असे त्यांचे नियम. ब्रह्मचर्यामुळे पुढची पिढीच नाही, त्यामुळे वस्ती आटत गेली आणि १८८९ मध्ये बंद झाली. ओढ्यावर बांध घालून त्यांनी केलेल्या तळ्यांमुळे आणि नावामुळे त्यांची आठवण राहिली.

नंतर ही जमीन व्हॅन स्वेरिंजन नावाच्या दोन भावांच्या हातात आली. धूर आणि कारखान्यांच्या शहरापासून लांब, बागेसारखं एक गाव वसवायचं त्यांच्या डोक्यात होतं. पण लोक तिथून कामावर जाणार कसे? म्हणून रेल्वे हवी. शहराच्या मध्यापर्यंत रुळांना जागा मिळावी म्हणून या भावांनी १९१६ मध्ये 'निकेल प्लेट' नावाची अख्खी रेल्वे कंपनीच विकत घेतली! १९२० मध्ये शेकर रॅपिड सुरू झाली. तिच्याच मार्गांवर आजही गाड्या धावतात, आणि तिथली माणसं आजही गाडी घरी ठेवून डाउनटाउनला जाऊ शकतात.

म्हणजे "ऑफिस जवळ, शाळा चांगली, परिसर शांत" ही जाहिरात शंभर वर्षांपूर्वीचीच आहे. पण त्या शांततेला अटी होत्या. कारखाने नाहीत, दुकानं अगदी मोजकी. घराचा नकाशा कंपनीने मंजूर केल्याशिवाय वीट रचायची नाही. काही रस्त्यांवर दोन कुटुंबांची घरं बांधायला परवानगी होती, पण ती बाहेरून एकाच कुटुंबाची दिसली पाहिजेत. आणि सर्वांत मोठी अट होती शेजाऱ्यांची.

कागदावरचा शेजारी

१९२५ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरने शेकर हाइट्समध्ये घर घेतलं. घरावर दगड आले, गोळ्या झाडल्या गेल्या. शेवटी ते कुटुंब तिथून निघून गेलं. त्याच सुमारास कंपनीने घरांच्या डीडमध्ये नवीन अट घालायला सुरुवात केली: घर विकायचं तर कंपनीची किंवा आजूबाजूच्या घरमालकांची संमती लागेल. कुठेही वंशाचं नाव नाही, जातीचं नाही, धर्माचं नाही. फक्त 'संमती'. ती कुणाला मिळायची नाही हे सगळ्यांना न सांगता कळत होतं. कृष्णवर्णीयांना नाही, ज्यूंना आणि कॅथलिकांनाही मुश्किलीने.

हे वाचताना आपल्याला अगदीच परकं वाटायला नको. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला कुणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. ते उघडकीला आल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथूनही बाहेर पडावं लागलं. "तुम्ही कोण?" हा घर देण्याआधी विचारायचा प्रश्न आपल्याला चांगला पाठ आहे. अमेरिकेने तो डीडमध्ये लिहिला, इतकंच.

एकच न्यायमूर्ती, दोन निकाल

शेकर हाइट्सच्या उत्तरेला, ईरी सरोवराच्या काठी युक्लिड नावाचं गाव आहे. क्लीव्हलंडच्या याच कड्यातलं. १९२२ मध्ये त्या गावाने नकाशावर विभाग पाडले: इथे फक्त स्वतंत्र घरं, इथे अपार्टमेंट, इथे कारखाने. अँब्लर रिअल्टी या जमीनमालक कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२६ मध्ये युक्लिड जिंकलं. आज अमेरिकेत झोनिंग म्हणून जे काही चालतं, ते या निकालाच्या पायावर उभं आहे. स्वतंत्र घरांच्या वस्तीतली अपार्टमेंट म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर वाढणारं बांडगूळ, अशा अर्थाचं त्या निकालपत्रात लिहिलं आहे. आपल्यातले बहुतेक जण या देशात पहिली काही वर्षं अपार्टमेंटमध्येच काढतात, हे लक्षात ठेवून ते वाचा.

तो निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. याच सदरलँडनी तीन वर्षं आधी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, आणखी एक निकाल लिहिला होता: भगतसिंग थिंड यांचा. थिंड पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात नोकरी केलेले. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्या' किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळत होतं. शास्त्रज्ञ भारतीयांना कॉकेशियन म्हणत असतील, पण साधा अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो त्यात भारतीय बसत नाहीत, म्हणून नागरिकत्व नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सदरलँड स्वतः लहानपणी इंग्लंडहून इथे आले होते, म्हणजे तेही स्थलांतरितच.

कुणाला नागरिक व्हायचा हक्क आहे आणि कुठे कुणाचं घर उभं राहू शकतं, हे दोन्ही प्रश्न एकाच लेखणीने तीन वर्षांच्या अंतराने सोडवले. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते.

थिंडच्या निकालाचा फटका कागदावर राहिला नाही. पेशावरहून आलेले वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. त्यांनी बर्कलीला घर घेतलं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी ते घरच कुलूपबंद करून ठेवलेलं. मुलांना इथे धोका आहे हे ओळखून कलाबाईंनी राहायला नकार दिला आणि कुटुंब आल्या पावली परत फिरलं. वैष्णोदासांना १९२१ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं, ते थिंड निकालानंतर काढून घेतलं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. कलाबाईंनी मुलं वाढवली, शिकवली. आज त्याच बर्कलीत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

भारतीयांना पुन्हा नागरिकत्वाचा हक्क मिळायला १९४६ उजाडलं, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासह.

लाल रंगाचा नकाशा आणि भीतीचा धंदा

१९३० च्या दशकात महामंदीत लोकांची घरं जाऊ लागली, तेव्हा सरकार मदतीला आलं. शहराशहरांचे नकाशे रंगवले गेले. सुरक्षित भाग हिरवा, धोक्याचा लाल. कृष्णवर्णीय लोक राहतात ती वस्ती बहुधा लालच. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएचएने, घरकर्जाला हमी द्यायला सुरुवात केली. त्यामुळे थोडं डाउन पेमेंट आणि लांब मुदतीचं कर्ज सामान्य माणसाला परवडू लागलं. पण एफएचएच्या नियमांत मिश्र वस्ती म्हणजे जोखीम. ज्या काळात अमेरिकेचा मध्यमवर्ग घरामुळे श्रीमंत झाला, त्या काळात ते दार काहींना बंद होतं.

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वंशावर बेतलेल्या डीडच्या अटींची अंमलबजावणी कोर्ट करणार नाही. मग काही एजंटांनी नवा धंदा शोधला. गोऱ्या वस्तीत एका कृष्णवर्णीय कुटुंबाला घर विकायचं आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांची दारं वाजवायची: "एरिया बदलतोय बरं का. आत्ता विका, नंतर मातीमोल होईल." घाबरलेल्यांकडून स्वस्तात घ्यायचं आणि ज्यांना दुसरीकडे कुणी घर देत नाही त्यांना महागात विकायचं. याला ब्लॉकबस्टिंग म्हणतात. त्यात फायदा फक्त दार वाजवणाऱ्याचा.

१९५६ नंतर आंतरराज्य महामार्ग आले. शहरातून निघून लांब राहणं सोपं झालं. कारखानेही हलले. १९५० मध्ये क्लीव्हलंडची लोकसंख्या ९,१४,८०८ होती. २०२० मध्ये ३,७२,६२४ उरली. शहर रिकामं होत गेलं आणि त्याची झळ पहिल्या कड्याला लागली.

जे उठून गेले नाहीत

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग.

शेकर हाइट्समध्ये लडलो नावाचा एक भाग आहे. अर्धा क्लीव्हलंडमध्ये, अर्धा शेकरमध्ये, पण मुलं शेकरच्या शाळेत. जानेवारी १९५६ मध्ये तिथे एका कृष्णवर्णीय वकिलाच्या नव्या घराच्या गॅरेजमध्ये बॉम्ब फुटला. शेजारपाजारचे गोरे आणि कृष्णवर्णीय लोक त्यानंतर एकमेकांच्या दिवाणखान्यांत बसून बोलू लागले. त्यातून १९५७ मध्ये लडलो कम्युनिटी असोसिएशन निघाली. बँका आणि एजंट नव्या गोऱ्या ग्राहकांना इथे येऊच देत नव्हते, तर या लोकांनी स्वतः घरं दाखवायला सुरुवात केली. डाउन पेमेंट कमी पडत असेल तर दुसऱ्या कर्जाची सोय केली. १९६७ मध्ये गावाने याच कामासाठी हाउसिंग ऑफिस उघडलं. १९७० मध्ये शाळांनी मुलांची अदलाबदल सुरू केली, तीही कोर्टाच्या हुकमाशिवाय, पालकांच्या राजीखुशीने.

हे सगळं गोड नव्हतं. मदतीचं कर्ज मुख्यतः गोऱ्यांना आणण्यासाठी होतं, म्हणजे समतोल राखायच्या नावाखाली कृष्णवर्णीय कुटुंबांना पुन्हा थांबायला सांगितलं जात होतं. १९७६ मध्ये शेकरने क्लीव्हलंडच्या हद्दीवरच्या काही रस्त्यांवर अडथळे उभे केले. कारण दिलं वाहतुकीचं, पण पलीकडच्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना त्याचा अर्थ बरोबर कळला. तरीही गाव एकदम रिकामं झालं नाही. १९६० मध्ये सुमारे ३६ हजार लोक होते, २०२० मध्ये सुमारे २९ हजार. अनेक रंगांचे, अनेक उत्पन्नांचे.

दुसरा रस्ताही होता. क्लीव्हलंडच्या दक्षिणेकडच्या पार्मा या उपनगराने दारं बंदच ठेवली. केंद्र सरकारने खटला भरला आणि १९८० मध्ये कोर्टाने सांगितलं, की या गावाने घरांबाबतचा समान हक्काचा कायदा मोडला आहे.

तो कायदा, फेअर हाउसिंग अॅक्ट, ११ एप्रिल १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला आठवडाच झाला होता. त्याआधी तीन वर्षं, १९६५ मध्ये, इमिग्रेशनचा नवा कायदा झाला होता. आपले पहिले डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने इथे येऊ लागले ते त्याच कायद्याने. पैसे असले की आपल्याला कुठल्याही गावात घर घेता येतं हे आपण गृहीत धरतो. त्या हक्कासाठी मोर्चे काढले, मार खाल्ला तो दुसऱ्यांनी. बहुतेक वेळा त्यांनीच, ज्यांच्याबद्दल आपण "तिथला क्राउड" म्हणतो.

मग घर स्वस्त का, आणि टॅक्स जास्त का?

हा प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि त्याचंही उत्तर इतिहासातच आहे.

घर स्वस्त आहे ते भिंती कच्च्या आहेत म्हणून नव्हे. शहराची माणसं आणि नोकऱ्या घटल्या, बाहेर नवी घरं बांधली जात राहिली, वर २००८ च्या सुमाराची कर्जबुडीची लाट क्लीव्हलंडवर फार जोरात आदळली. आणि त्या जुन्या रंगवलेल्या नकाशाची सावली माणसांच्या मनातून गेलेली नाही.

प्रॉपर्टी टॅक्स मात्र ओहायोत सर्वांत जास्त दर असलेल्या गावांच्या यादीत. का? व्हॅन स्वेरिंजन बंधूंनी कारखाने आणि दुकानं ठेवलीच नाहीत, त्यामुळे शाळांचा भार घरांवर. शाळा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर एवढ्या अवलंबून ठेवणं घटनाबाह्य आहे, असं ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं, पण ते अवलंबित्व काही सुटलं नाही. म्हणून अशा ठिकाणी घराची किंमत बघून हुरळून जाऊ नका. मासिक हप्ता टॅक्ससकट मांडा.

आणि जुनं घर म्हणजे जुनी दुखणी. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर ही तपासणी टाळूच नका. विकणाऱ्याला माहीत असलेली माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तपासणीसाठी साधारणपणे दहा दिवस मिळतात. सांडपाण्याच्या भूमिगत पाइपात कॅमेरा घालून बघा, झाडांची मुळं शिरलेली असतात. बेसमेंटला ओल आहे का, वायरिंग कधी बदललं, पाण्याचा पाइप शिशाचा तर नाही, हे विचारा. या कड्यातली काही गावं विक्रीआधी स्वतः घराची तपासणी करतात आणि दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवायला लावतात. कटकट वाटते, पण त्यात तुमचाच फायदा.

हे सगळं तपासून "नाही परवडत" म्हणालात, तर ते खरं कारण आहे. "मुलाला अमुक सोय हवी, ती या शाळेत नाही" हेही खरं कारण आहे.

आपण फुकट काय करतो

एजंटला आज "तिथे कोण लोक राहतात" यावरून तुम्हाला एखाद्या गावाकडे वळवायला किंवा तिथून हटवायला कायद्याने बंदी आहे. चांगला एजंट त्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. मग तेच काम आपण आपापसात, फुकट आणि अतिशय प्रेमाने करतो. "तुमच्या भल्यासाठी सांगतोय, तो एरिया नको." शाळेला दहापैकी किती मिळाले ते पाठवतो, पण त्या आकड्यात परीक्षेच्या मार्कांचा मोठा वाटा असतो आणि मार्कांचा घरच्या मिळकतीशी जवळचा संबंध असतो, हे सांगत नाही. ती शाळा आतून कुणी पाहिलेली नसते.

आणि आपली मुलं हे ऐकत असतात. मागच्या सीटवर बसून, गाडीच्या स्पीकरवरचं आपलं बोलणं. शाळेत त्यांना रोझा पार्क्स शिकवतात, आणि गाडीत आपण त्यांना नकाशा रंगवायला शिकवतो.

म्हणून एवढंच सांगणं आहे. त्या गावाचं नाव यादीतून खोडण्याआधी एका शनिवारी तिथे जा. लायब्ररीत तासभर बसा. मंगळवारी सकाळी शाळा बघायची वेळ मागा. संध्याकाळी रस्त्यावरून पायी फिरा, शेजाऱ्याला विचारा तुम्ही किती वर्षं इथे आहात. मग घ्या किंवा घेऊ नका, पण जे ठरवाल ते तुमचं स्वतःचं असू दे.

आणि तुमचं सध्याचं घर जुनं असेल तर काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसातून त्याची पहिली डीड काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनही मिळते. तुमच्यासारख्या माणसाने त्या घरात राहू नये, असं तिच्यात लिहिलेलं असू शकतं. तसं सापडलं तर मुलांना दाखवा. मग ज्या स्वयंपाकघरात बसून ते वाचाल, तिथेच पोळ्या लाटा.

काय सापडलं ते खाली नक्की लिहा. वाट बघते.